अप्पांच्या मांडीवरचा पाना

गॅरेजमध्ये इंजिन खोलून परत बसवलं की एखादा नट उरतोच. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि तो नट कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात पडतो. कुठला, कशाचा, कुणी विचारायचं नाही! किस्से साठतात ते असेच. गाडी निघून जाते आणि किस्सा मागं राहतो. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या केशवअण्णांच्या गॅरेजातले माझ्याकडे इतके साठलेत, की बायको म्हणते, "आता मला नका सांगू, मला पाठ झालेत. कागदाला सांगा!"

तर कागदाला सांगतो.

मी बेळगावहून बंगळूरला आलो तो पन्नासच्या दशकात. एका सरकारी कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात नोकरी होती, म्हणजे दिवसभर गेज लावून दुसऱ्यांचे पार्ट नापास करायचे! खोली मिळाली शिवाजीनगरच्या बसस्टँडामागं, केशवअण्णांच्या गॅरेजवरच. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं. "स्वल्प बसा की देसाई, सुम्मे कशाला घाई करता?" असं त्यांचं बोलणं; स्वल्प म्हणजे थोडं, सुम्मे म्हणजे उगाच. कानडी मला परकं नव्हतं, पण एका वाक्यात दोन भाषा इतक्या गुण्यागोविंदानं नांदताना मी तिथंच पाहिल्या.

गॅरेजच्या दारात वेताच्या खुर्चीवर अप्पा बसायचे. अप्पा म्हणजे केशवअण्णांचे वडील, गॅरेज त्यांनीच काढलेलं. मी यायच्या थोडं आधी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय ओढत चालायचे. उजवा हात तर पार गेलेला. सून सकाळी तो उचलून मांडीवर ठेवायची, तो संध्याकाळपर्यंत तिथंच. वाचाही गेली होती, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे "सरी". कानडीतला हा शब्द बंगळुरात उठताबसता कानावर पडतो. बरं, ठीक, बरोबर, चालेल, सगळं त्यात येतं. भूक लागली तरी अप्पा म्हणायचे "सरी", ऊन तोंडावर आलं तरी "सरी".

आणि त्यांच्या मांडीवर असायचा तो पाना.

असा पाना मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मुळात बॉक्स पाना, म्हणजे टोकाला वाटीसारखं सॉकेट, नटावर बसवून फिरवायचं. पण त्याची दांडी हातभर लांब आणि दोनदा वाकवलेली. एकदा कोपरासारखी, मग पुन्हा बाजूला. आणि धरायच्या टोकाला चक्क लाकडी मूठ, घासून घासून गुळगुळीत झालेली. पान्याला लाकडी मूठ कोण बसवतं? मुठीला एक भोक, त्यात चामड्याचा कुजका तुकडा अडकलेला.

रोज सकाळी अप्पा डाव्या हातानं भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवायचे. केशवअण्णा पाना काढून त्यांच्या हातात द्यायचे. अप्पा तो मुलापुढं धरायचे, त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि म्हणायचे, "सरी." रोज! जेवायला जाताना तो बरोबर, देवळात जाताना बरोबर.

"त्यांना ह्याच्याबद्दल कायतरी सांगायचंय हो, देसाई," केशवअण्णा मला म्हणाले. "हा कशाचा ते मला ठाऊक नाही. ते हयात आहेत तंवर मला कळायला पाहिजे."

*

केशवअण्णांची ख्याती अशी, की डोळे मिटलेले असताना हातात पाना द्यावा आणि त्यांनी माप सांगावं. नुसतं माप कसलं! कुठल्या गाडीच्या टूलकिटातला, किती वापरलेला, कुणी हातोडा म्हणून ठोकून वाटोळं केलेला, सगळं सांगायचे. नवी माणसं हे बघायला मुद्दाम यायची.

एका रविवारी मीच त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. एकामागून एक पाने हातात ठेवत गेलो आणि हा गडी धडाधड सांगत गेला. एकदा तर मी त्यांच्याच घरातली सांडशी दिली. "ही लक्ष्मीची. आत नेऊन ठेवा, नाहीतर आज जेवण नाही!" लक्ष्मी म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी.

अप्पांची डुलकी लागली होती. मला चेव आला. त्यांच्या मांडीवरचा पाना अलगद उचलला आणि केशवअण्णांच्या हातात दिला. वाटलं, वजनावरूनच ओळखतील आणि मला दोन शिव्या देतील.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. दांडीवरून हात फिरवत सॉकेटच्या सांध्याशी आले आणि तिथं अंगठा थांबला. वेल्डिंगच्या खवल्यांवरून तो अंगठा पुन्हा पुन्हा फिरत राहिला. 

"हं, काय?" मी विचारलं.

"माप सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण सांधा अप्पांच्या हातचा. असा सांधा दुसरं कुणी घालत नाही."

फडकं त्यांनी स्वतःच सोडलं. मग सांगत बसले. लढाईच्या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ते स्वतः हुबळीला मामाकडे काम शिकत होते आणि अप्पा इकडं एका बसमालकाकडे मेकॅनिक होते. केशवअण्णा परत आले तेव्हा हा पाना भिंतीवर होता. एकदा विचारलं, तर अप्पा म्हणाले, "हे सांगून कळत नाही, दाखवायला पाहिजे." दाखवू दाखवू म्हणता म्हणता झटका आला.

बसमालक मरून गेला होता, त्याच्या गाड्या कुठं कुठं विकल्या गेल्या होत्या. विचारणार कुणाला?

*

विचारायला माणसांची वाण नव्हती म्हणा! संध्याकाळी गॅरेजात जमणारा प्रत्येक जण स्वतःला तज्ज्ञ समजायचा. पहिला नंबर गणपतरावांचा. हे पाणीखात्यात, गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचं काम यांच्याकडे. त्यामुळे शिवाजीनगरच्या बायका त्यांना भलताच मान द्यायच्या.

गणपतरावांनी पाना हातात घेतला, वाकून दोन्ही बाक पाहिले आणि जाहीर केलं, "ही चावी आहे. खड्ड्यातल्या जुन्या व्हॉल्व्हची. गोऱ्यांच्या काळातली!" मग अप्पांकडे वळून, "काय अप्पा, बरोबर?"

"सरी!" अप्पा म्हणाले.

झालं! शब्द एकच, पण तो होकाराचा. आम्ही आणखी काय समजणार? सगळी वरात गल्लीच्या तोंडाशी निघाली. मध्ये अप्पांची खुर्ची, दोघांनी उचललेली. गणपतरावांनी लोखंडी झाकण उघडलं, रस्त्यावर पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

व्हॉल्व्हमन अवेळी खड्ड्यात हात घालतोय म्हणजे काय, हे शिवाजीनगरच्या बायकांना सांगावं लागत नाही. आम्ही मान वर केली तोवर बिंदग्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती! बिंदगी म्हणजे तिकडची पितळी घागर. कमरेला बिंदगी, हातात बिंदगी, आणि सगळ्यांचे डोळे गणपतरावांच्या पाठीवर.

पाना काही बसेना. सॉकेट नटावरच जाईना.

"नाही बसत," गणपतराव कुजबुजले.

"मग उठा की!" केशवअण्णा म्हणाले.

गणपतरावांनी आडव्या पडल्या पडल्याच मान वळवून रांग पाहिली. एक म्हातारी म्हणाली, "पाणी येतंय की नाही रे बाबा? चुलीवरचा भात सोडून आलेय!"

उठायची त्यांची छाती झाली नाही. सरकारी चावी मागवली आणि पाणी सोडलं. त्या दिवशी शिवाजीनगरला दोनदा पाणी आलं. अप्पांचं नाव गल्लीत निघालं ते तेव्हापासून, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्यासाठी ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, पाठवली.

*

मग माझी पाळी. मी काही तर्क-बिर्क करणारा नाही, मी मापाचा माणूस. कारखान्यातून व्हर्नियर घरी आणला. गेटवर काय सांगितलं ते विचारू नका!

सॉकेटचं आतलं माप घेतलं. इंचात बसेना. मिलिमीटरमध्ये बसेना. परत घेतलं, तरी तेच. आणि सहाही बाजू सारख्या नाहीत, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा गोल. मी बॅटरी लावून आत पाहिलं. आत कानशीचे बारीक ओरखडे होते. कुणीतरी सॉकेट हातानं घासून घासून एका झिजलेल्या नटाच्या आकाराचं केलं होतं. त्या नटाचा जो कोपरा जितका गेलेला, तितकंच लोखंड इथं ठेवलेलं.

रोज हजारो नट एकाच मापाचे असावेत म्हणून मी नोकरी करत होतो. आणि इथं एक माणूस एकाच नटासाठी पाना करून बसला होता. 

"काय निकाल?" केशवअण्णांनी विचारलं.

"आमच्या कारखान्यात नापास," मी म्हणालो. "पण अण्णा, हा पाना दुनियेतल्या एकाच नटाला बसणार. दुसऱ्या कुठल्याही नाही."

"आणि तो नट कुठं आहे?"

खुर्चीतून उत्तर आलं, "सरी!"

*

सगळ्यांवर वरताण केली ती गुंडूरावांनी. हे विमानाच्या कारखान्यातले रिटायर्ड फिटर. बोलायला लागले की समोरच्याची कॉफी थंड होते.

लढाईच्या दिवसांत बेळ्ळंदूरच्या तळ्यावर पाण्यात उतरणारी विमानं दुरुस्तीला यायची, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. पोटानं पाण्यावर बसायची म्हणे, बदकासारखी! काठावरची गुरं दावी तोडून पळायची. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतो. मग गुंडूरावांनी पाना उचलला. "इंजिनाच्या पाठीमागच्या सिलिंडरला हात पोचत नाही. तिथला प्लग काढायला असाच, अस्साच वाकडा पाना लागायचा! अप्पा, तुम्ही तळ्यावर होता काय?"

"सरी!"

आठवडाभर शिवाजीनगरात दुसरा विषय नव्हता. अप्पांनी लढाईतली विमानं दुरुस्त केली! लोक भेटायला येऊ लागले, लांबून नमस्कार करू लागले. रसेल मार्केटजवळचा बेकरीवाला ताजे बन पाठवू लागला. हमाल थांबून पान्याला हात लावून जायचे. आणि या सगळ्यांना कॉफी करून करून लक्ष्मीवहिनींचा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी एका संध्याकाळी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सरळ अप्पांच्या खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या.

"मामंजी, हा पाना विमानाचा?"

"सरी."

"बैलगाडीचा?"

"सरी."

"माझ्या माहेरच्या शिलाई मशीनचा?"

"सरी."

 गुंडूराव कपात बघत बसले. गणपतरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. आम्ही सगळे शहाणेसुरते बाप्ये इतके महिने आपापली उत्तरं त्या एका शब्दावर पास करून घेऊन घरी जात होतो!

केशवअण्णा गाडीखालून बाहेर आले होते. त्यांना हे आधीपासून कळत असणार, पण ऐकायचं नसावं. ते अप्पांच्या पायाशी बसले आणि तेलकट हातांनीच त्यांनी बापाचा तो मेलेला उजवा हात धरला.

"मला कळत नाही हो, अप्पा," ते म्हणाले.

अप्पा बराच वेळ मुलाकडे बघत राहिले. त्या वेळी त्यांनी "सरी"सुद्धा म्हटलं नाही. मला ते बघवेना, म्हणून मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

*

बंगळुरात आयुधपूजा म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. आपली खंडेनवमीच, पण थाट विचारू नका! बस, लॉरी, सायकल, हातगाडी, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि केळीचे खांब. चाकाखाली लिंबू, रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांचा खच.

केशवअण्णांच्या गॅरेजात मात्र अप्पांनी घालून दिलेली एक वेगळीच रीत होती. हत्यारांची थप्पी मांडून वरून अक्षता टाकायच्या नाहीत. एकेक हत्यार उचलायचं, त्याचं नाव घ्यायचं, काम सांगायचं, मगच कुंकू. "हा सोळा नंबरचा रिंग, हेड खोलणारा." "हा पुलर, बेअरिंग ओढणारा." "हा जॅक, माझा जीव राखणारा." ज्याचं काम सांगता येत नाही, ते हत्यार पूजेला बसत नाही.

अप्पा पूजा करायचे तेव्हा त्या वाकड्या पान्याचं काम ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. कुणाला ऐकू यायचं नाही. झटका आल्यावर पूजा केशवअण्णांकडे आली आणि पहिल्या वर्षी हा पाना पाटावर आलाच नाही. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी होतो त्या वर्षी सगळी हत्यारं झाली. बाहेर कोहळा फोडायला लोक ताटकळलेले. अप्पांनी डाव्या हातानं पाना पुढं केला. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

केशवअण्णांनी पाना घेतला, कपाळाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "हा माझ्या अप्पांचा पाना. काम त्यांना ठाऊक आहे!" आणि कुंकू लावलं.

गणपतराव नियमाचे पक्के, सरकारी माणूस! म्हणाले, "हे रीतीत बसतं काय?"

"रीत ज्यांनी घातली त्यांना विचारा की!"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "सरी."

त्या शब्दाचा काही भरवसा नाही हे तोवर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. तरी त्या दिवशी आम्ही तो होकारच धरला. कोहळा फुटला आणि अप्पा पोटभर जेवले.

*

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही, कारण सांगितला की ऐकणारा "असं कसं होईल?" म्हणतो आणि मग मला उत्तर देता येत नाही.

कोलारकडे लक्ष्मीवहिनींच्या भाचीचं लग्न होतं. गॅरेजवाल्याला गाडीची काय कमी? दुरुस्तीला आलेली एका गिऱ्हाइकाची गाडी तयार होती, तिची "ट्रायल" घ्यायची होतीच. ट्रायल कोलारपर्यंत! केशवअण्णा चालवायला, शेजारी मी, मागं वहिनी आणि अप्पा, आणि अप्पांच्या मांडीवर अर्थातच पाना.

होसकोटे ओलांडलं आणि रेडिएटरनं शिट्टी मारली. "ट्रायलमध्ये नापास," मी म्हणालो.  केशवअण्णांनी गाडी चिंचेच्या झाडांखाली थांबवली. तिथं एक चहाचं हॉटेल होतं, आणि ते हॉटेल म्हणजे एक जुनी बस होती. चाकं केव्हाच गेलेली, खाली दगड रचलेले. आत बाकांवर बसून माणसं चहा पीत होती. झाडाखाली चूल, चुलीपाशी मालकीणबाई. तिचं नाव मुनियम्मा.

आम्ही पाणी मागायला उतरलो आणि गाडीत आरडाओरडा सुरू झाला. "सरी! सरी! सरी!" अप्पा डाव्या हातानं दार धडाधडा ठोकत होते. वहिनींना वाटलं पुन्हा झटका आला. आम्ही त्यांना उतरवलं. मुनियम्मा लगबगीनं चहा घेऊन आली, तर अप्पांनी तिला बाजूला सारलं. पाय ओढत ते बसकडे निघाले. मुलाचाही आधार घेईनात.

ड्रायव्हरच्या सीटवर सरपण रचलेलं होतं आणि त्यावर एक कोंबडी बसली होती. अप्पांनी आधी कोंबडीला हाकललं, मग सरपण ढकलायला लागले. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मी आणि केशवअण्णांनी लाकडं बाहेर काढली आणि अप्पांना उचलून सीटवर बसवलं. स्टिअरिंग जागेवर होतं. समोरची काच गेलेली, नुसती चौकट.

अप्पांनी त्या चौकटीतून रस्त्याकडे नजर लावली. डाव्या हातानं सीटच्या बाजूची फळी चाचपली. तिथं पत्र्याचं एक छोटं झाकण होतं, ते बोटानं उडवलं. मग पाना त्यातून खाली घातला. खाली बघितलं नाही. दांडीचा पहिला बाक चॅसिसला वळसा घालून गेला, दुसरा पाईपच्या मागं. आणि आत कुठंतरी "खट्!" असा आवाज आला.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. अप्पांनी मूठ पिळली. नट फिरला.

आम्ही सगळ्यांनी तो नट कुठं कुठं शोधला होता! बॉनेटसमोर उभं राहून, गाडीखाली झोपून, खड्ड्यात, तळ्यात. अप्पा म्हणजे मेकॅनिक, म्हणून चालकाच्या जागेवर बसून शोधायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मुनियम्मा पायरीशी येऊन उभी होती. "अय्यो, हाच की तो डायवर!" ती कानडीत म्हणाली. लढाईच्या दिवसांत ती याच बसनं पेरूच्या पाट्या घेऊन बंगळूरला जायची. पेट्रोल मिळायचं नाही, गाडी कोळशाच्या गॅसवर चालायची, मागं ही मोठी टाकी. खडखडाटानं गॅसच्या तापलेल्या पाईपचा सांधा ढिला व्हायचा आणि चढणीवरच गाडीचा दम जायचा. एकदा थांबली की कोळसा पुन्हा पेटवून निघायला उन्हं कलायची, तोवर सगळ्यांचा माल सुकून जायचा. "पण हा थांबायचा नाही. एका हातानं गाडी हाकायचा आणि दुसरा हात असा खाली घालून पिळायचा. लाकडी मूठ, चामड्याचा पट्टा मनगटाला. आमचा बाजार ह्यानं कधी चुकवला नाही."

केशवअण्णांनी झाकणातून खाली पाहिलं, पान्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "कळलं, अप्पा," ते म्हणाले. "कळलं हो मला!" आणि हा एवढा बाप्या ढसाढसा रडायला लागला. वहिनीही रडत होत्या. मी कुणाकडे बघावं ते मला कळेना.

तेवढ्यात मुनियम्मानं माझा दंड घट्ट धरला आणि हनुवटीनं दाखवलं.

अप्पांचा उजवा हात स्टिअरिंगवर होता.

कुणी उचलून ठेवला नव्हता. मी शेजारीच होतो, मी नाही, केशवअण्णा नाहीत. बसवताना तो मांडीवर पडलेला मी स्वतः पाहिला होता. आता बोटं चाकाभोवती मिटलेली होती आणि मनगटाची शीर ताठ होती. अप्पा तिकडं बघतही नव्हते. त्यांची नजर रस्त्यावर.

 बाकांवरच्या माणसांपैकी कुणी ग्लास खाली ठेवला नाही.

केशवअण्णांनी डोळे पुसले आणि खाली उतरले. मला वाटलं, गाडीतून पाणी आणायला गेले. ते बसच्या मागच्या दाराशी गेले, फुटबोर्डावर चढले, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि कंडक्टरसारखं खणखणीत ओरडले, "रैट! रैट!"

अप्पांनी गिअर टाकायला पाना मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं गाडी रस्त्यावर घेतली.